खिडकीची काच लांबीनं कशी बसवायची, आणि कुठली पुट्टी कुठं चालत नाही

खिडकीची काच वाऱ्यानं खडखडायला लागली किंवा पावसाचं पाणी काचेच्या खालच्या कडेनं आत उतरून लाकडावर काळा डाग धरायला लागला की समजायचं लांबी, म्हणजे काच लाकडात धरून ठेवणारी तेलाची पुट्टी, गेली. काच बदलायची गरज बऱ्याचदा नसतेच, जुनी लांबी काढून नवी भरली की काम होतं, पण हल्ली हे काम करणारे सुतार कमी झालेत आणि जे आहेत त्यांना एवढ्याशा कामाला यायला वेळ नसतो, मग लोक काय करतात, सिलिकॉनची नळी आणून कडेनं फासतात नाहीतर भिंतीची पांढरी पुट्टी कालवून थापतात. एक पावसाळा जातो कसातरी, दुसऱ्याला परत तेच रडगाणं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. साताऱ्याच्या पेठांमधली जुनी घरं, वाईतले वाडे, पाचगणी महाबळेश्वरचे बंगले, सांगलीत गावभागातली लाकडी खिडक्यांची घरं, असल्यांसाठी हे आहे. तुमच्याकडं ॲल्युमिनियमची स्लायडिंग असेल तर तिथं लांबीचा संबंधच नाही, तिथं रबराचं गॅस्केट असतं, ते बदलायचं, विषय संपला.

आधी दुकानात काय मागायचं ते सांगतो कारण निम्मा घोळ तिथंच होतो. नुसतं "पुट्टी द्या" म्हटलं की दुकानदार भिंतीच्या पुट्टीची पिशवी पुढं करतो, त्याचीही चूक नाही, बहुतेक गिऱ्हाईक तीच न्यायला येतं. ती भिंतीची पुट्टी म्हणजे व्हाइट सिमेंट आणि त्यात थोडं पॉलिमर, पाणी घातलं की घट्ट होते, दोन हात मिळून दीडेक मिलिमीटर जाडीपर्यंतच मारायची असते आणि वाळल्यावर एकदम कडक. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, काच मात्र तेवढी हलत नाही, मग मधी बसलेला तो कडक थर तडकणारच, आणि त्या तडीतून पाणी बरोबर आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट राहत नाही, तिथंच लाकूड कुजायला सुरुवात होते.

काचेची लांबी वेगळी. त्यात दोनच वस्तू, चॉक पावडर आणि जवसाचं तेल. बस. हे तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हळूहळू घट्ट होतं, त्यामुळं वर आधी कातडी धरते आणि आत बरेच महिने थोडा मऊपणा राहतो. तो मऊपणाच कामाचा आहे, लाकडाची हालचाल तोच सोसतो. आमच्याकडं पाटण कोयनानगरच्या बाजूला अजून अधूनमधून बारीक धक्के बसतात, ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप तर सगळ्यांना ठाऊकच आहे, तिकडच्या घरात कडक वस्तूनं काच आवळून बसवणं म्हणजे काचेला स्वतःहून तडा द्यायला सांगणं.

एम-सील पण इथं नको. ती इपॉक्सीची, दोन वड्या सारख्या मापानं घेऊन रंग एकसारखा होईस्तोवर मळायची आणि लगेच वापरायची, तिचं काम पाइपाची गळती, टाकीची चीर, तुटलेली मूठ, असल्या ठिकाणी. एकदा बसली की दगड होते. पुढं काच फुटली तर एम-सील काढताना अर्धं लाकूड सोबत येईल, मग बसा नवीन झडप करत. सिलिकॉन लवचीक असतं हे खरं पण त्याच्यावर रंग धरत नाही, आणि ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन लोखंडाला आणि फरशीच्या दगडाला खातं. बाथरूमच्या कोपऱ्यात, बेसिनच्या कडेला सिलिकॉन एक नंबर. जुन्या लाकडी खिडकीत नाही. तयार लांबीचा डबा मिळतो काही पेंटच्या दुकानात, त्यावर आयएस ४१९ हा भारतीय मानकाचा आकडा लिहिलेला दिसला तर तो खिडकीच्या चौकटीसाठीचाच माल, डोळे झाकून घ्या. नसेल मिळत तर घरी करायला काही अवघड नाही, खाली सांगतोच.

आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. काच बाहेरून दिसणाऱ्या उतरत्या लांबीवर बसलेली नसते. ती बसते काचेच्या मागच्या थरावर, म्हणजे काच खाचेत (झडपेच्या लाकडात काच बसायला असलेली पायरी) ठेवायच्या आधी खाचेत जी लांबी दाबून घालतात त्यावर. बाहेरचा उतार फक्त पाणी घालवायला आणि काच पुढं येऊ नये म्हणून. हा मागचा थर चुकवला की बाहेरून कितीही सुबक काम करा, काच खडखडणार आणि वारं आत येणार. घाईतला कारागीर नेमका हाच थर खातो कारण तो बाहेरून दिसत नाही. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तरी एवढं एक विचारा, "काचेमागं लांबी घालणार ना?" तोंडाकडं बघूनच कळेल.

जुनी लांबी काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. झडप बिजागरीतून काढून आडवी टेबलावर घेता आली तर फार बरं पडतं, उभ्या खिडकीवर करायचं तर शिडीवर एका हातानं किती वेळ करणार. पटाशी जुनी घ्या, नवीन पटाशीची धार घालवू नका. लांबी जिथं सुटलेली आहे तिथनं सुरुवात करायची, हलक्या हातानं हातोडी, पटाशी लाकडाच्या अंगाला धरायची, काचेकडं टोक न्यायचं नाही. काही ठिकाणी जुनी लांबी इतकी घट्ट असते की ऐकतच नाही, तिथं पेंटरकडची हीट गन घेऊन थोडी थोडी ऊब देत सोडवता येते पण काच वाचवायची असेल तर काचेवर पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून झाकण धरा, काच एका जागी तापली की सरळ चिरते. हीट गन नसेल तर त्या जागेवर जवसाचं तेल लावून एक-दोन दिवस ठेवून बघा, कधी कधी नरम होते, कधी नाही, मग पटाशी आहेच. मधी मधी बारीक खिळे लागतील, ते पकडीनं सरळ ओढून काढायचे, वाकवायला गेलात तर काचेला टेकतात आणि गेली काच.

काच आधीच फुटलेली असेल तर तुकडे ओढत बसू नका. दोन्ही बाजूनं चिकटपट्टी आडवी उभी मारा, मग वरच्या बाजूनं तुकडे काढत खाली या, खालनं सुरुवात केली तर वरचा तुकडा सुटून मनगटावर येतो. हातात कातडी मोजे, डोळ्याला गॉगल, पायात बूट. चप्पल घालून काचकाम करणारे मी बघितलेत, त्यांना सांगून उपयोग नसतो.

अजून एक, आणि हे जरा सिरियसली घ्या. जुन्या तेलरंगात शिसं असायचं, जुन्या लांबीत पण कधीकधी सफेदा घातलेला असायचा आणि सफेदा म्हणजे शिशाचाच. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागात ९० भागांपेक्षा, जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडं २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याच्या आधी रंगवलेली खिडकी असेल तर शिसं आहे असं धरूनच चालायचं. कोरडा काचपेपर मारून धूळ उडवायची नाही. पाणी शिंपडून वॉटर पेपरनं घासायचं, खाली जुना प्लास्टिकचा कागद अंथरायचा, तोंडाला साधा रुमाल चालणार नाही, बरा मास्क पाहिजे, आणि बारकी पोरं त्या दिवशी आजीकडं पाठवून द्या. घासलेला गाळ कागदासकट गुंडाळून कचऱ्यात, परसात टाकायचा नाही.

खाच साफ झाली की लाकूड नीट बघा. पटाशीचं टोक टोचून बघायचं, रुतलं तर कुजलेलं आहे, तेवढा भाग कोरून काढून सागाचा तुकडा जोडायला सुताराला बोलवा, तिथं लांबीनं भागत नाही. लाकूड चांगलं असेल तर त्याला पूर्ण वाळू द्या. सांगलीकरांना हे विशेष सांगायला पाहिजे. २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा झडपा फुगून बसल्या होत्या आणि लोकांनी पाणी उतरल्यावर गडबडीनं घासून लांबी, रंग सगळं उरकून घेतलं, आत ओल तशीच. वरनं रंगाचं झाकण बसल्यावर ती ओल जाणार कुठं, रंग फुगून पोपडे आले आणि लांबी सुटली. पुराचं पाणी लागलेलं लाकूड आधी गोड्या पाण्यानं धुऊन गाळ काढायचा आणि सावलीत, वारं लागेल असं उभं करून कित्येक आठवडे वाळवायचं, उन्हात टाकलं की पीळ पडतो. फुगलेली झडप रंधा मारून बसवायची घाई पण नको, वाळल्यावर ती परत आकसते आणि मग फट राहते.

लाकूड वाळलं की खाचेला प्रायमर. हे टाळू नका, राव. कोरडं उघडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं, मागं उरते ती नुसती खडूची भुकटी, आणि वर्षभरात ती सुटून पडायला लागते. तेलाचा वुड प्रायमर एक हात, सगळ्या खाचेत कानाकोपऱ्यात, आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यायचा. प्रायमर नसेल तर जवसाच्या तेलाचा एक हात मारून मुरू द्या, तेही चालतं.

प्रायमर वाळतोय तोवर काचवाल्याकडं जाऊन या. माप घेताना रुंदी वर, मधी आणि खाली तिन्ही ठिकाणी घ्यायची, उंचीचं पण तसंच, आणि दोन्ही कर्ण मोजायचे, कारण जुनी झडप कधीच काटकोनात नसते. सगळ्यात कमी जे माप येईल ते धरायचं आणि त्यातून एक सूत वजा, म्हणजे तीनेक मिलिमीटर. तेवढी मोकळीक लागतेच, काच लाकडाला घट्ट भिडली की फुगलेल्या लाकडानं ती चेपते. कर्णात फार फरक असला तर पुठ्ठ्याचा फर्मा कापून तोच काचवाल्याला द्या, मापाच्या चिठ्ठीपेक्षा ते खात्रीचं. छोट्या तावदानाला ४ मिलिमीटर भरपूर झाली, मोठं असेल तर ५, पण जाडी वाढवायच्या आधी खाचेची खोली बघा, जाड काच घातली की पुढं लांबीला जागाच राहत नाही. चाळकेवाडी वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या, तसल्या वाऱ्याच्या तोंडाला घर असेल तर ५ घ्या. घरी आणल्यावर काच खाचेत कोरडी लावून बघा, चारी बाजूनं थोडी फट दिसली पाहिजे. नाही दिसली तर परत न्या, दाबून बसवायची नाही.

काचेचा विषय निघाला म्हणून सांगतो, कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील आणि काचसामान बनायचं, त्या भागातल्या जुन्या घरात अजून एखादा कंदील खुंटीला दिसतो. असो, आपण लांबीकडं वळू.

किलोभर चॉक पावडर घ्या, पेंटच्या दुकानात मिळते, व्हाइटिंग पण म्हणतात. प्लास्टर ऑफ पॅरिस नको, चुना नको, टाल्कम पावडर तर नकोच नको. चाळणीनं चाळून घ्या, एक खडा राहिला तरी तो काचेखाली येतो आणि नेमका तिथंच दाब पडून काच चिरते. तेल साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम लागतं, पावडर किती बारीक आहे त्यावर कमीजास्त होतं म्हणून एकदम ओतायचं नाही. पेंटरकडं बेलतेल म्हणून मिळतं ते जवसाचं उकळलेलं तेल, ते लवकर घट्ट होतं, कच्चं जवसतेल सावकाश होतं, दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर काम करायला वेळ पण मिळतो आणि महिनाभर वाट पण बघावी लागत नाही. आपल्याकडं जवस पिकतो, चटणी तर घराघरात असते, घाण्यावरचं कच्चं तेल पण लांबीला चालेल, पण उलटं कधीच करू नका, पेंटच्या दुकानातलं बेलतेल खायचं नसतं, त्यात लवकर वाळायसाठी धातूचे क्षार घातलेले असतात. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

पावडरीत मधी खळगा करून थोडं तेल, कालवा, परत थोडं. सुरुवातीला वाटतं हे काही जमत नाही, नुसता भुगा होतोय, पण मळत राहिलं की हाताच्या उबेनं एकदम गोळा धरतो. पुरीच्या कणकेइतका घट्ट पाहिजे. हाताला चिकटत असेल तर पावडर टाका, वळी करताना तडकत असेल तर तेलाचे चार थेंब. गोळा झाला की प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी परत मळायचा, मुरलेली लांबी पत्तीखाली, म्हणजे लांबी ओढायच्या चपट्या पात्याखाली, सुरेख सरकते, ताजी लगेच वापरली तर पत्तीला चिकटून मागं येते. रंगीत पाहिजे असेल तर पॉलिशच्या खिडकीसाठी थोडी पिवळी माती किंवा गेरू घालतात, सागाच्या जवळ जाणारा रंग येतो.

आता बसवणं. लांबीच्या पाव इंच जाडीच्या वळ्या करायच्या आणि खाचेच्या मागच्या अंगाला, जिथं काच टेकणार, तिथं अंगठ्यानं दाबत सगळीकडं फिरवायच्या. कुठं तुटक नको. खालच्या बाजूला दोन ठिकाणी, दोन्ही कोपऱ्यांपासून थोडं आत, रबराचे किंवा लाकडाचे पातळ तुकडे ठेवायचे म्हणजे काच थेट लाकडावर बसत नाही. मग काचेची खालची कड आधी टेकवायची आणि काच वर लोटत न्यायची. दाबायची फक्त कडेनं, बोटं पसरून, मधोमध कधीही दाबायचं नाही. दाबल्यावर आतल्या बाजूनं लांबी सगळीकडून बाहेर आली पाहिजे, जिथं आली नाही तिथं पोकळी आहे असं समजायचं, काच काढून तिथं भर घाला. काचेमागं दीड-दोन मिलिमीटर लांबी उरली पाहिजे, पार काच लाकडाला टेकेपर्यंत दाबायचं नाही. हेच ते मघाशी म्हटलं ते काम, इथं दहा मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

मग खिळे. अर्ध्या इंचाचे बारीक खिळे किंवा चुका, सहा ते आठ इंचावर एक. हातोडी काचेवर आडवी ठेवून सरकवत मारायची, उचलून नाही, आणि हातोडी आणि काच यांच्या मधी पुठ्ठा. खिळा काचेला चिकटून समांतर गेला पाहिजे आणि जेवढा बाहेर राहील तो पुढच्या लांबीत पूर्ण झाकला जाईल एवढाच. नुसत्या लांबीवर काच धरून राहील असं समजून खिळे न मारणारे पण असतात, ओल्या लांबीतून काच दोन दिवसात खाली घसरते, खास करून उन्हाच्या बाजूला.

बाहेरचा उतार काढायला जरा जाड वळी लागते. तीही अंगठ्यानं दाबून कोपऱ्यात बसवायची, हवा राहायला नको, मग लांबीची पत्ती काच आणि लाकूड दोन्हीवर टेकवून, तिरकी धरून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका हातात ओढायची. मधी थांबलात की तिथं वण दिसणार. पत्ती तेलात किंवा पाण्यात बुडवून घेतली की चिकटत नाही. पहिल्या ओढीत खाली वर होईलच, जादा निघालेली परत गोळ्यात घाला आणि पुन्हा ओढा, लांबीला घाई नसते, तासाभरानं पण दुरुस्त करता येतं, हा तिचा मोठा गुण. उताराची वरची कड आतल्या बाजूनं लाकूड जिथं संपतं त्याच्या किंचित खाली ठेवायची, म्हणजे घरातून बघताना काचेपलीकडं लांबीची पांढरी रेघ दिसत नाही आणि पुढं रंगाला काचेवर यायला जागा मिळते. कोपऱ्यात दोन्ही उतार फोटोफ्रेमच्या जोडासारखे मिळाले की काम सुंदर दिसतं, नाही मिळाले तरी पाणी अडत नाही, जास्त जीव टाकू नका.

आतल्या बाजूला बाहेर आलेली लांबी पत्तीनं सपाट कापून घ्या, थोडीशी बाहेरच्या अंगाला तिरकी. काचेवर तेलाचे डाग पडतात, ते ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, पसरतात. कोरडी चॉक पावडर काचेवर भुरभुरून मऊ ब्रशनं झाडली की तेल तीच पिऊन घेते आणि लांबीची वरची कड पण साफ होते.

आणि मग थांबायचं. आठवडा तर नक्की, गारठा किंवा दमट हवा असेल तर दोन आठवडे, कातडी धरेपर्यंत रंग नाही. बोट हलकं टेकवून ठसा उठला नाही म्हणजे तयार. पार विसरून पण जाऊ नका, महिन्याच्या आत रंग झालाच पाहिजे, उघडी लांबी ऊन खाऊन तडकते आणि पाखरं टोचून खातात, तेलाच्या वासानं येत असावीत. तेलाचा अंडरकोट आणि वर इनॅमल, आणि रंग मारताना ब्रश मुद्दाम काचेवर दीड-दोन मिलिमीटर जाऊ द्यायचा. चिकटपट्टी लावून एकदम कडेवर रंग थांबवला की फोटोत छान दिसतं पण काच आणि लांबीच्या सांध्यात पाणी शिरायला रस्ता तयार होतो. ती रंगाची बारीक रेघ म्हणजेच खरं वॉटरप्रूफिंग. आतनं लांबी, बाहेरनं ही रेघ. झडप एवढे दिवस धाडकन आपटायची नाही, हुक लावून ठेवा.

हे सगळं कधी करायचं? महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिकडं जूनमध्ये लांबी भरायला बसलात तर पुढचे चार महिने ती तशीच लिबलिबीत राहील. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की फेब्रुवारी मार्चपर्यंत उरकून घ्यायचं, एप्रिल म्हणजे शेवटची गाडी. जत आटपाडीकडं पावसाचा त्रास नाही पण ऊन असं की पश्चिमेच्या खिडक्यांची लांबी दुसऱ्या तिसऱ्या वर्षी केसासारख्या तडी दाखवायला लागते, तिथं काम सकाळी सावलीत करा, झडप तापलेली असताना लांबी हाताला ऐकत नाही, आणि दर उन्हाळ्यानंतर रंगाची रेघ सुटली का एवढं बघून ब्रशचा एक हात मारत चला. पावसाळ्यात मधीच काच फुटली तर आतून प्लायवूडचा तुकडा नाहीतर जाड प्लास्टिक मारून ठेवा आणि दिवाळीची वाट बघा.

लोखंडी खिडक्यांचं वेगळं. जुन्या शाळा, सरकारी क्वार्टर, सत्तर ऐंशीच्या काळातले बंगले, तिथं स्टीलच्या पट्टीच्या खिडक्या असतात. आपली साधी लांबी लाकडात थोडं तेल मुरवून लवकर धरते, लोखंड काही तेल पीत नाही, त्यामुळं ती फार उशिरा घट्ट होते. मेटल विंडोची म्हणून वेगळी लांबी असते, त्यात ड्रायर, म्हणजे तेल लवकर वाळवणारी वस्तू, घातलेलं असतं, ती मागायची. खिळ्याऐवजी तिथं भोकात अडकवायच्या तारेच्या क्लिपा असतात, जुन्या टाकून देऊ नका, नवीन शोधत फिरावं लागतं. गंज मात्र पार चकाकेपर्यंत घासून रेड ऑक्साइड प्रायमर मारल्याशिवाय लांबी लावायची नाही, गंज खाली राहिला की तो फुगतो आणि काच त्याच्याच जोरानं चिरते. कुणी दगड मारला म्हणून शेजारच्या पोरांवर आळ घेण्याआधी गंज बघा.

फटी भरायचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फार कला नाही, वस्तू बरोबर निवडली की झालं. खिळ्याची भोकं, लाकडातल्या बारीक चिरा, गाठीजवळचे खड्डे, आणि वर तेलरंग येणार असेल, तर हीच लांबी दाबून भरा, वाळल्यावर खाली बसते म्हणून किंचित उंच ठेवा. पॉलिश करायचं असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, लगेच काचपेपर नको, दुसऱ्या दिवशी. चौकट आणि भिंत यांच्यातली फट वेगळी, ती दरवर्षी उघडझाप करते, तिथं भिंतीची पुट्टी कितीदा भरा, दिवाळीला रंग काढला की संक्रांतीला तड हजर. बोटाएवढी फट असेल तर आधी सगळा सुटलेला गिलावा काढून सिमेंट-वाळूच्या मसाल्यानं भरून घ्यायची, आणि वर जी बारीक रेघ राहते तिथं रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट नळीनं भरायचं. नळीवर पेंटेबल लिहिलेलं बघूनच घ्या. फट खोल असेल तर आत फोमची दोरी सारून मगच सीलंट, नाहीतर नळ्यांवर नळ्या रिकाम्या होतात आणि भरल्यासारखं दिसत नाही.

भिंतीच्या तडीला आधी पटाशीनं इंग्रजी व्हीसारखी उघडायची, धूळ ब्रशनं काढायची, ओली करायची, क्रॅक फिलरची पेस्ट भरायची, वाळल्यावर भिंतीची पुट्टी पातळ. जिना पडल्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची तड असेल किंवा बोट जाईल एवढी रुंद असेल तर पुट्टी बाजूला ठेवा आणि इंजिनिअरला दाखवा.

उरलेली लांबी पाण्याखाली राहते, डब्यात गोळा ठेवून वर दोन बोटं पाणी, झाकण घट्ट, पुढच्या वेळी पाणी ओतून पुसून मळली की परत तयार. वरची कातडी धरलेली असेल तर ती काढून टाका, आत चांगली असते. आणि तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, हे तेल हवा घेताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, काडी लागत नाही. दोरीवर एकेक पसरून बाहेर वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि कडक वाळल्यावरच कचऱ्यात टाका.